नियम सगळ्यांना सारखा?

फेब्रुवारीत आमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक यादी लागते. ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली आहे त्यांची. काही वर्षांपूर्वी त्या यादीत बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीचं नाव होतं, नावापुढे ५८ टक्के. सर्वांत जास्त तास तिने माझ्याच विषयाचे बुडवले होते. ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, बरं नव्हतं." मी रजिस्टरमधून मान वर न काढता बोललो, "बरं तर कोणालाच नसतं. नियम सगळ्यांना सारखा." ती काहीच न बोलता गेली.

त्याच आठवड्यात तालुक्यातल्या एका गावी बुद्धविहारात माझं भाषण होतं. विषय आपला नेहमीचाच, आरक्षण आणि गुणवत्ता. मी जोरात होतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या पुस्तक आलं नाही आणि ज्याच्या घरात तीन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्या दोघांना एकच पेपर, एकच वेळ, एकच कटऑफ लावायचा आणि वर म्हणायचं 'नियम सगळ्यांना सारखा', ही समता नाही, हा ब्राह्मणी कावा आहे, असं मी ठासून सांगितलं. टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर एक माणूस जवळ आला. पन्नाशीचा, शेतमजूर, खांद्यावर निळा दुपट्टा. "जय भीम सर. भाषण लय आवडलं." मी जय भीम केला. मग तो म्हणाला, "पोरीच्या हजेरीचं मंग कसं करता सर?"

त्या माणसाच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटलं होतं की आत्ताच जो माणूस असं बोलला तो हजेरीचं काम करून देईल. मला मात्र दरदरून घाम फुटला. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक लाल कार्ड काढलं. सिकलसेलचं. "हाडं ठणकतेत तिचे. रातरातभर झोपत नाही पोरगी. यवतमाळले भरती करा लागते."

मी यवतमाळ जिल्ह्यात जन्मलो, इथेच शिकलो, तासिका तत्त्वावर का होईना पण इथेच शिकवतो. सिकलसेल हा शब्द लहानपणापासून ऐकतो. आमच्या वस्तीत दोन पोरं त्याने गेली. तरी वर्गात बसलेल्या मुलीला हा आजार असू शकतो, हे डोक्यात आलं नाही. कारण ती धडधाकट दिसायची. काठी नाही, व्हीलचेअर नाही, काळा चष्मा नाही. आपल्या डोळ्यांना अपंगत्व तेवढंच दिसतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रक्तातली तांबडी पेशी गोल असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, पुढे रक्त जात नाही आणि असह्य कळा येतात. हाडात, सांध्यात, पोटात, छातीत. पाणी कमी पडलं, थंडी लागली, उन्हात फिरणं झालं, ताप आला, अतिश्रम झाले, की कळांचा झटका येऊ शकतो. झटका दोन दिवस टिकेल की दहा, सांगता येत नाही. रक्त कमी, डोळे पिवळट, सततचा थकवा. काहींचा खुब्याचा सांधा तरुणपणीच झिजतो. डोळे पिवळे दिसले की गावात कावीळ समजून झाडपाला देतात, कुठे बाहेरचं लागलं म्हणतात, आणि कॉलेजात आम्ही म्हणतो, कामचुकार आहे.

हा आजार आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला तरच होतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक असतो, त्याला सहसा त्रास होत नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के. आपल्या राज्याच्या कार्यक्रमात रुग्णाला लाल कार्ड देतात, वाहकाला पिवळं. भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये, आणि त्याच दशकात नागपूरच्या डॉक्टरांना तो विदर्भात सापडला. विदर्भात तो सर्वांत जास्त आढळतो तो पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि गोंड, परधान, कोलाम अशा आदिवासी जमातींत. कुणबी, तेली अशा समाजांतही आहे. आपल्या जिल्ह्यात पांढरकवडा, झरी जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या पट्ट्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या वर्गात सिकलसेलचं पोरगं बसलेलं असू शकतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण हा मुद्दा उलटा फिरवणारे आहेत. आजार जातीमुळे रक्तात येत नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळालं म्हणून तो दोष टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, ग्रीसमध्येही टिकला. पण तो त्याच त्याच समूहात फिरत राहिला, कारण आपण लग्न जातीतच लावतो. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीवरचा आपला निबंध वाचला, त्यात जातीचं मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे त्यांनी दाखवून दिलं. त्या मर्माची किंमत आपल्या पोरांची हाडं अशी मोजत आहेत. हे लिहिताना मला आपल्याच लोकांचाही राग येतो. त्या मुलीने कॉलेजात आजार का लपवला? मोठ्या बहिणीची सोयरीक या कार्डावरून मोडली होती म्हणून. आणि ती मोडणारे आपलेच होते, घरात बाबासाहेबांचा फोटो असलेले.

आता कायद्याकडे येतो. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. (दिव्यांग या शब्दाबद्दल माझं मत चांगलं नाही. 'हरिजन' म्हणून गोंजारण्यातला आणि 'दिव्य अंग' म्हणण्यातला फरक मला सापडलेला नाही. पण कागदावर तोच शब्द चालतो म्हणून वापरतो.) १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ झाले. त्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. कलम १६ सांगतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय दिली पाहिजे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, अभ्यासक्रमात योग्य बदल हे सगळं कायद्यात आहे. कलम ३२ प्रमाणे उच्च शिक्षणात ५ टक्के जागा राखीव आहेत, ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असणाऱ्यांसाठी.

गोंधळ होतो तो या ४० टक्क्यांपाशी. आमचा सगळा खटाटोप तिथेच अडकला.

तिच्याकडे लाल कार्ड होतं, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं. ऑनलाइन अर्ज केला, तपासणीला जायच्या तारखा मिळाल्या, तीनदा बापाची मजुरी बुडाली. शेवटी प्रमाणपत्र आलं ते ४० च्या खालचं. कॉलेजात परीक्षेचं काम पाहणाऱ्यांनी ते हातात घेतलं आणि परत केलं. "चाळीस नाही, तर काही नाही." मीही मान हलवून परत आलो. मला तरी कुठे माहीत होतं?

नंतर वाचलं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात निकाल दिला. लिहिताना हात आखडण्याचा आजार असलेल्या उमेदवाराला ४० टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे, वाजवी सोयीसाठी नाही. आरक्षण वेगळं, सोय वेगळी. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० च्या खालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या, लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावलं की या सोयी सगळ्या दिव्यांग परीक्षार्थींना मिळाल्या पाहिजेत. म्हणजे ज्या दिवशी आम्हाला "चाळीस नाही" म्हणून परत पाठवलं, त्या दिवशी कायदा आमच्या बाजूने होता. फक्त तो खोलीत कोणालाच माहीत नव्हता. गंमत म्हणजे आपलं दहावी-बारावीचं बोर्ड सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना तासाला २० मिनिटं जादा देतं. बारावीला तिने ती घेतली होती. तीच मुलगी, तेच कार्ड, तोच आजार. कॉलेजची पायरी चढली आणि सवलत गायब.

मग शिक्षकाने करायचं काय? अनेक सहकारी म्हणतात, आमच्या हातात काय आहे, आम्ही तर तासावर पैसे घेणारे. मी स्वतः तासावर पैसे घेणारा आहे, म्हणून हे ऐकून घेत नाही. हजेरी आपण लावतो. अंतर्गत गुण आपण देतो. चाचणीची तारीख आपण ठरवतो. वर्गात कोणी पाण्याची बाटली काढली तर डोळे आपण वटारतो. सिकलसेलच्या पोराने दिवसभर पाणी पीत राहायचं असतं, पाणी हेच त्याचं पहिलं औषध. आणि जो पाणी पितो त्याला लघवीला जावं लागतं. "आत्ताच तर गेली होतीस" हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल, याचा हिशेब माझ्याकडे नाही. सातारच्या शाळेत लहानग्या भीमाला नळाला हात लावता येत नव्हता. शिपाई नसला तर तहानेलं राहावं लागे. ही गोष्ट मी दर १४ एप्रिलला सांगतो. सांगताना माझा आवाज जड होतो.

हजेरीचं असं केलं. भरती झाल्याचे कागद आणि लाल कार्डाची प्रत जोडून प्राचार्यांकडे अर्ज दिला. वैद्यकीय कारणाने सूट मिळते ती मिळाली, पण सहज नाही, दोन सह्या, चार चकरा, आणि एका सहकाऱ्याचं "सर, तुमच्या समाजाची म्हणून करता का?" हे ऐकून. मी त्यांना म्हटलं, हो. खोटं कशाला बोलू? पण वाईट वाटलं ते दुसऱ्याच कारणाने. ती आपल्या समाजाची नसती, कोलामाची पोरगी असती आणि तिचा बाप माझ्या भाषणाला आलेला नसता, तर मी चार चकरा मारल्या असत्या का? शिष्यवृत्तीच्या अर्जातही हजेरी विचारतात, हे विसरू नका. हजेरी गेली की परीक्षा जाते, शिष्यवृत्ती जाते, आणि शिष्यवृत्ती गेली की आपल्या घरातली पोरगी थेट निंदणाला जाते.

बाकीचं साधं होतं. ती आली नाही त्या दिवसाच्या नोट्स फोनवर पाठवणं. चाचणी हुकली तर दुसऱ्या दिवशी घेणं. वर्ग वरच्या मजल्यावर होता, तो खाली आणायला प्राचार्यांना विचारलं. एका शिक्षकाच्या वर्गाशी अदलाबदल झाली, पाच मिनिटांचं काम. एनएसएसच्या श्रमदानात खोदकामाऐवजी नोंदी ठेवण्याचं काम. परीक्षेच्या हॉलमध्ये दाराजवळची जागा आणि बाटली. या कशालाही शासन निर्णय लागला नाही, निधी लागला नाही.

एक मात्र चुकलं, ते सांगतो. उत्साहाच्या भरात मी वर्गात सगळ्यांसमोर सिकलसेलवर बोललो आणि बोलता बोलता तिच्याकडे पाहिलं. नाव घेतलं नाही, पण पाहिलं. तिने चार दिवस तोंड दाखवलं नाही. विद्यार्थ्याचा आजार ही त्याची गोष्ट आहे. तो किती सांगायचा, कोणाला सांगायचा, हे त्याने ठरवायचं. आपली जात आपण कुठे, कधी उघड करतो याचा जो हिशेब आपण जन्मभर मांडतो, तोच हिशेब ती मांडत होती, आणि मी तो एका नजरेत उधळला.

आणखी एक, जे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलं पाहिजे. वर्गात कळा सुरू झाल्या तर त्याला झोपवा, ऊब द्या, पाणी पाजा, दुखतंय तिथे बर्फ लावू नका, आणि दवाखान्यात न्या. सिकलसेलच्या रुग्णाला ताप आला तर "उद्या पाहू" म्हणायचं नसतं, त्याच दिवशी डॉक्टर. हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, त्या शेतमजूर बापाने सांगितलं.

विरोधकांचा मुद्दा माहीत आहे. सवलत दिली की सगळेच मागतील, खोटे दाखले आणतील. २०२४ मध्ये एका परिविक्षाधीन आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांचा वाद गाजला तेव्हापासून तर प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याकडे चोरासारखं पाहतात. अरे, हे आपल्याला नवीन आहे का? कोणीतरी बोगस जातप्रमाणपत्र काढतो आणि संशय मात्र खऱ्या अनुसूचित जातीच्या पोरावर येतो, हे आपण चाळीस वर्षं भोगतोय. खोटा दाखला काढणाऱ्याला धरा. त्याच्यासाठी खऱ्याची २० मिनिटं कापू नका. आणि २० मिनिटं म्हणजे फुकटचे गुण नव्हेत. उत्तर तिलाच लिहायचं असतं.

आता आपल्या चळवळीला दोन शब्द, आणि ते गोड नाहीत. आपल्या विद्यार्थी संघटनांची निवेदनं मी वर्षानुवर्षं पाहतो, काही मीच लिहिली आहेत. शिष्यवृत्ती, वसतिगृह, स्वाधार, रिक्त जागा. सगळ्या मागण्या रास्त. पण दिव्यांग विद्यार्थ्याची मागणी एकाही निवेदनात मला आठवत नाही. जणू तो प्रश्न समाजकल्याणच्या तीनचाकी वाटपाचा आहे, समतेचा नाही. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली खटल्यात अनुसूचित जातीच्या, अंध असलेल्या, बलात्कार झालेल्या तरुणीबद्दल लिहिताना सांगितलं की जात, लिंग आणि अपंगत्व हे अन्याय एकमेकांत मिसळून येतात, ते सुटे करून पाहता येत नाहीत. न्यायालयाला जे दिसलं ते आपल्याला आधी दिसायला हवं होतं. अजून एक मागणी तर कोणीच लावून धरत नाही: सिकलसेल २१ प्रकारांत आहे, पण कलम ३४ मधल्या नोकरीच्या ४ टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. विदर्भातल्या आंबेडकरी आणि आदिवासी संघटनांनी एकत्र येऊन उचलावा असा याहून सरळ प्रश्न कोणता? आणि आपली विहारं पाहा. आमच्या वस्तीतल्या विहाराला सात पायऱ्या आहेत, उतरंड एकही नाही. वर्गणी मात्र दरवर्षी कमानीला होते.

शेवटच्या वर्षांत बाबासाहेबांचे पाय साथ देत नव्हते, मधुमेहाने शरीर पोखरलं होतं, नजर मंद झाली होती. नानकचंद रत्तू त्यांची पानं टाइप करून देत, आणि त्याच काळात धम्मावरचा ग्रंथ पुरा झाला. त्यांच्या मदतनिसाने बाबासाहेबांची विद्वत्ता कमी झाली, असं म्हणायची कोणाची हिंमत आहे?

त्या मुलीचं काय झालं? त्या वर्षी जादा वेळ मिळाली नाही. एका पेपरला ती कळा सोसत बसली आणि अर्ध्यातून उठली. तो विषय राहिला. पुढच्या खेपेला निघाला. बी.ए. झाली, तीन वर्षांऐवजी चार वर्षांत. आता गावातल्या पोरांच्या शिकवण्या घेते आणि मधूनमधून भरती होते. निकालाचा पेढा घेऊन आली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर." जाऊ दिलं की नाही, मला कळलं नाही.

तेव्हापासून मी जुलैच्या पहिल्या तासाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. सगळ्यांना, म्हणजे कोणी वेगळं दिसत नाही. सांगतो, शिकताना काय अडचण येते ते लिहा, आजाराचं नाव नका लिहू, काय लागेल तेवढंच लिहा. बहुतेक कोऱ्या परत येतात. यंदा एकावर होतं, "फळ्यावर लिहिता तेव्हा तोंडानेही बोलत जा." मला कळायला दोन दिवस लागले की मागच्या बाकावरच्या एका मुलाला फळा दिसतच नाही. आता बोलत लिहितो. दुसऱ्या चिठ्ठीत बारीक अक्षरात एवढंच होतं: "मुलींच्या बाथरूमला कुलूप असते." चावी ऑफिसात असते. ती मागायला मुलींना पुरुष कारकुनासमोर उभं राहावं लागतं. प्राचार्यांना दोन अर्ज दिले आहेत, तिसऱ्यावर विद्यार्थ्यांच्या सह्या घेणं चालू आहे. आत्तापर्यंत ६३ झाल्या.